पाववाल्याची मैनिर आणि द्रूस केवन

खिंडीच्या वळणावर चौघे तरुण एक बंद पडलेली व्हॅन वर ढकलत होते आणि व्हॅन त्यांना खाली ढकलत होती. पाऊस वरून पडायचा सोडून आडवा येत होता. मैनिरने पावाची गाडी कडेला घेतली, काच बोटभर खाली केली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिली. कुणाला मदत करावी आणि कुणाला करू नये याचा तिचा एक हिशेब होता, आणि तो सहसा चुकत नसे.

तिघे खरंच ढकलत होते. चौथा नुसता हात लावून गात होता.

"तू काय इंजिन आहेस का?" तिने विचारलं.

गाणारा वळला. केस कपाळाला चिकटलेले, पापण्यांवरून पाणी गळतंय, आणि तरी चेहरा असा खुशीत, जणू खिंड याच्या बापाची.

"गायक आहे," तो म्हणाला. "माझा आवाज ऐकून कधी कधी चालू होते ती."

"माझी तर बंद पडायला लागली."

त्याचं नाव गेथिन. बँडचं नाव द्रूस केवन, म्हणजे मागचं दार. "पुढच्या दारानं आम्हाला कुणी आत घेत नाही म्हणून," त्याने लगेच खुलासा केला, न विचारता. मैनिरने मनातल्या मनात नोंद केली – बोलका आहे, उपाशी आहे, आणि कोट फाटका असून त्याला त्याचं काही नाही.

व्हॅन तिथंच राहिली, आणि मैनिरच्या गाडीत पावांच्या फळ्यांमध्ये ड्रम बसले. ड्रम वाजवणारा एल्वेद मांडीवर स्पीकर घेऊन मागे दुमडून बसला, बाकीचे दोघे पिठाच्या पोत्यांवर. गेथिन पुढे, तिच्या शेजारी. गिअर बदलताना तिचा हात त्याच्या गुडघ्याला लागला. त्या दिवशी गिअर जरा जास्तच बदलावा लागला... चढ होता, दुसरं काय.

"पावाचा वास तुझ्या केसांना येतो की गाडीला?" गेथिनने विचारलं.

"गाडीला. केसांना यायला लागला की लोक मला विकत मागतील."

"मी उधार मागेन."

मागून एल्वेद म्हणाला, "बाई, याला इथंच उतरवा. आम्ही आवाज काढून घेतो त्याचा."

नांत गॅरेग हे स्लेटच्या खाणींखालचं गाव. तिथं निम्म्या लोकांचं आडनाव जोन्स, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखायचा. मैनिर पाववाल्याची म्हणून सगळ्यांना ठाऊक, आणि रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी म्हणूनही. चॅपलच्या मागच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. खिंडीतल्या त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांत द्रूस केवनची तालीम त्या खोलीत सुरू झाली, ती काही देवाच्या इच्छेने नव्हे.

वडीलधाऱ्यांनी कुरकुर केली. पण चॅपलचा चहा जिच्या हाती, त्या काइनवेन मावशीने तोंड उघडलं आणि विषय संपला. "ओरडतात खरे," मावशी म्हणाली, "पण इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत ओरडतात. देवाला कळेल तरी."

गावातले हॉल झाले, शेतकऱ्यांच्या गोठ्यातले नाच झाले, मग राष्ट्रीय उत्सवाचा मोठा मांडवही झाला. गुडघाभर चिखलात उभ्या पोरी गेथिनचे शब्द त्याच्याआधी म्हणायला लागल्या. तो मात्र सकाळी पावाच्या फळ्या उचलायला हजर. अर्धवट जुळलेली ओळ गुणगुणायचा आणि तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहायचा.

"ही शिळी आहे," ती म्हणायची.

"कालच केली."

"म्हणूनच."

तो हसायचा आणि ओळ बदलायचा. पण दोघांपैकी कुणी मुद्द्याचं बोलेना. त्या खोऱ्यात माणसं प्रेम तोंडाने बोलत नाहीत. अंगावरचा कोट काढून देतील, फुटलेली कौलं बसवून देतील, फार तर "भिजशील" म्हणतील. भिजशील म्हटलं की समजून घ्यायचं. गेथिन तिला रोज म्हणायचा, आणि पाऊसही रोज असायचा, त्यामुळे नक्की काय समजावं हा प्रश्नच होता.

मग लंडनच्या एका कंपनीचा फोन आला. रेकॉर्ड काढू, पण इंग्रजीत.

"मी इंग्रजीत ड्रम वाजवत नाही," एल्वेद म्हणाला. कुणाला वाटलं विनोद आहे. त्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि तो खाणीच्या रस्त्याने घरी गेला, तेव्हा कळलं, विनोद नव्हता. गावात दोन तट पडले. पोरांनी पोट भरू नये का, असं एक म्हणायचा. भरावं, पण जीभ विकून नको, असं दुसरा म्हणायचा.

मैनिर कुठल्याच तटात नव्हती. तिला हे सगळं मॉरिसकाकांच्या मटणाच्या दुकानात कळलं. दुसऱ्या दिवशी गेथिन बेकरीत आला.

"तुला सांगणारच होतो..."

"मॉरिसकाकांनी सांगितलं. खिमा बांधता बांधता."

"तू नको म्हणाली असतीस, मैनिर."

"जा म्हणाले असते." तिने पिठाचे हात झटकले. "पण म्हणाले असते. साऱ्या बँडला विचारलंस, एल्वेदच्या आईलासुद्धा विचारलंस. मला विचारावं असं वाटलं नाही तुला."

तो मग गेला. बाहेर धो धो कोसळत होतं. ती भिजशील म्हणाली नाही.

रेकॉर्ड चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. साऱ्या ब्रिटनच्या रेडिओवर गेथिनचा आवाज, आणि गावात ज्याने त्याने ते रेकॉर्ड विकत घेऊन लपवून ठेवलेलं. मावशीने तर स्तोत्रांच्या पुस्तकाखाली. भाड्याने आणलेला ड्रमवाला टिकला नाही, दुसराही टिकला नाही. मँचेस्टरला ऐन कार्यक्रमात बँडमध्येच जुंपली, नवं रेकॉर्ड अडलं. पेपरात येत राहायचं. मैनिर ते वाचत नसे... म्हणजे चुलीत घालायच्या आधी जेवढं वाचून होईल तेवढंच.

आणि कमान्वा आली. कमान्वा म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या चॅपलांनी एकत्र बसून दिवसभर स्तोत्रं गायची सभा. मैनिर ऑर्गनवर, लोकांकडे पाठ. समोर छोटा आरसा असतो, त्यात पाहून वाजवायचं. सभा चालवणारे मॉरिसकाका, आणि त्यांच्या डोक्यावरच्या गॅलरीत, टेनरच्या, म्हणजे चढ्या पुरुषी आवाजांच्या बाकावर, गेथिन. न कळवता आलेला. बाकावरचे दोघे जरा सरकले होते, त्याला जागा द्यायला की त्याच्यापासून दूर व्हायला, कोण जाणे. गाव त्याला चिडवत नव्हतं. आपलं माणूस चुकलं की ते गाव फक्त सभ्य वागतं, आणि ती फार वाईट शिक्षा.

तिथल्या स्तोत्राचा शेवटचा चरण एकदा गाऊन संपत नाही. मन भरलं नसेल तर लोक तो पुन्हा उचलतात, पुन्हा उचलतात, जोवर मॉरिसकाका मूठ मिटत नाहीत. मूठ मिटली की संपलं. नंतर एकट्याने चरण उचलणं म्हणजे पंगत उठल्यावर एकट्याने वाढून घेणं. असं कधी होत नाही.

त्या दुपारी झालं. मैनिरला आरशात मॉरिसकाका दिसायला हवे होते, पण ती पाहत होती वर. गेथिन पाहत होता तिच्या मानेकडे. काकांची मूठ मिटली, सगळं चॅपल गप्प झालं, आणि ऑर्गन पुढे निघाला. त्याच्याबरोबर एकच आवाज.

तिला कळलं तेव्हा कानांच्या पाळ्या पेटल्या. थांबावं तर तो एकटा पडतो, न थांबावं तर आपण उघडे पडतो. तिने जन्मात पहिल्यांदा हिशेब केला नाही. वाजवत राहिली. त्याचा आवाज जरा थरथरला, मग सावरला. बाकांवरून एकही खोकला नाही. अर्धा चरण असा गेला, आणि मॉरिसकाकांनी हळूच मूठ उघडली. सगळं चॅपल त्या दोघांच्या मदतीला उठलं.

नंतर मागच्या खोलीत चहा. सगळे मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत होते, आणि कान इकडे.

"चुकलास," मैनिर म्हणाली.

"तूही."

"मी तुला सांभाळून घेत होते."

"मी तुला."

"चॅपलमध्ये खोटं बोलू नये."

तो कप ढवळत राहिला. कपात साखर नव्हती. "कंपनी नवं रेकॉर्ड मागतेय. मला वाटतं अर्धी गाणी आपल्या भाषेत करावी, आणि एल्वेदचे पाय धरावे. पण मी अजून कुणालाच काही बोललो नाही. ना कंपनीला, ना पोरांना." त्याने मान वर केली. "आधी तुला विचारायचं होतं."

तिने बरीच उत्तरं तयार ठेवली होती, गेली दोन वर्षं. ती सगळी तिने बाजूला सारली.

"मग विचार."

"बँडला ऑर्गन वाजवणारं माणूस पाहिजे."

"बँडला?"

"...मला."

"मग बँडला कशाला मध्ये घालतोस?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, मैनिर," तो म्हणाला. मोठमोठे हॉल भरून टाकणारा तो आवाज त्या वेळी कपाच्या काठापलीकडे गेला नाही.

खोलीतले मेंढ्यांचे भाव केव्हाच थांबले होते. मॉरिसकाकांनी घसा खाकरला. "पोरा, खिडकीजवळच्यांना ऐकू आलं नाही."

"आणि श्वास पोटातून घे," काइनवेन मावशी म्हणाली.

गेथिनने कप खाली ठेवला, खोलीकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हटलं, भरल्या आवाजात, एकही शब्द न गिळता. कोपऱ्यातल्या एल्वेदच्या हातातला केक तोंडाजवळच थांबला. मग सगळ्यांनी मैनिरकडे पाहिलं.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"मग?" हे विचारलं मावशीने.

मैनिर गेथिनकडेच पाहत होती. "येते मी. पण शनिवारचे पाव भाजून झाल्याशिवाय निघणार नाही, आणि रविवारी या ऑर्गनवर मीच बसणार."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीला लागलेला केकचा चुरा झटकायचा म्हणून जो हात लावला, तो तिथंच राहू दिला, "बाकीचे सगळे तुझे."