कढईच्या काठावर

कढईवरचं यंत्र मुकं झालं होतं आणि त्याला पुन्हा बोलतं करायला तिघं हिमनदीवर चढली होती.

तिथल्या बर्फाच्या पोटात ज्वालामुखी होता. त्याच्या उष्णतेनं वितळलेलं पाणी बर्फातल्या एका अवाढव्य खळग्याखाली साचत राही. त्या खळग्यालाच सगळे कढई म्हणत. साचलेलं पाणी निसटू लागलं, की कढईचा तळ खचे, आणि काही तासांनी पूर खालच्या दरीत उतरे. तळ खचतोय की नाही, एवढंच ते यंत्र सांगायचं. वादळात ते बंद पडलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात जमीन थरथरू लागली.

दरीत मेंढ्या वियायचे दिवस होते. नुसत्या संशयावरून कोण घर सोडणार?

"माझा भाऊ थोरी म्हणतो, तुमचा पूर म्हणजे लांडगा आला रे आला," मोठ्या चाकांची जीप हाकत गीस्ली म्हणाला. "मागच्या वेळी दरी रिकामी करायला लावलीत, आणि आलं काय, तर पावसाचं पाणी."

"म्हणून तर बघायला चाललोय ना," स्वाला म्हणाली. भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात ती काम करायची. मागच्या सीटवर दोरांच्या वेटोळ्यात बसलेला एगिल तिचा सहकारी.

"आज मी मेलो तर माझी कॉफी गीस्लीला द्या," तो म्हणाला. "तसाही तोच पितोय."

 समोरच्या बर्फावर भेगा दिसू लागल्या होत्या. काचेवर दगड बसावा तशा, एकीभोवती एक, वर्तुळाकार. मागच्या महिन्यात इथं एकही नव्हती.

जीप तिथंच थांबली. तिघांत स्वालाचं वजन सर्वांत कमी, म्हणून कमरेला दोर बांधून तीच पुढे निघाली. गॅस मोजायचं छोटं यंत्र तिच्या छातीवर लटकत होतं. वारा पाठीवर होता, गॅस पुढे उडून जात होता. मुखवटा तिनं गाडीतच ठेवला. त्यानं नीट दिसत नसे.

यंत्राचा लोखंडी खांब कढईच्या मध्याकडे कलला होता. ती जवळ गेली तसा सडक्या अंड्यांचा वास नाकात भरला. भेगांतून वाफेचे बारीक धागे वर येत होते. पायाखाली कुठंतरी खोलवर काहीतरी गुरगुरलं.  तरी ती गुडघ्यांवर बसली आणि यंत्राच्या पेटीचे गोठलेले बोल्ट सोडवू लागली. पेटीत गेल्या आठवड्याभराच्या हालचाली साठलेल्या होत्या. ती हाती आली, की कुणाला शंकाच उरणार नव्हती.

वारा पडला.

थोड्या वेळानं वासही गेला. बरं झालं, असं तिच्या मनात आलं. शेवटचा बोल्ट हलत नव्हता. कुणीतरी शीळ घालत होतं. एगिलला हे काय सुचलं?

ती शीळ नव्हती. छातीवरचं यंत्र किंचाळत होतं!

 गॅस वाढला की आधी नाक मरतं. हे ती स्वतःच गावोगाव सांगत फिरायची. डोळे चुरचुरत होते, बोटं आपली वाटत नव्हती. तिनं श्वास रोखला. पाना पुन्हा बोल्टला लावला. एकच तर राहिला होता!

आणि बर्फ खाली बसला. सगळाच्या सगळा. एखादं जनावर टेकावं तसा, दबक्या आवाजात.

पाना टाकून ती पळाली. मागे खांब आडवा झाला. पुढची भेग मघापेक्षा रुंद होती. ती उडी मारून पलीकडे पोचली, पण काठ तुटला! पाय निसटले. खाली निळा अंधार होता, आणि त्या अंधारात पाणी वाहत असल्याचा आवाज. दोर ताणला गेला. गीस्ली आणि एगिलनं तिला फरफटत वर ओढलं.

"पेटी?" एगिलनं विचारलं.

"राहू दे. पाणी सुटलंय. चला."

उंच कड्यावर आल्यावरच रेडिओ लागला. एगिलनं कार्यालयाला कळवलं. मग गीस्लीनं रेडिओवर भावाचं घर लावलं. थोरी आणि त्याची बायको हेर्दीस दरीतच राहायची.

"थोरी, निघा. आत्ता."

"यंत्र बोलतं झालं का तुमचं?"

"नाही," स्वाला म्हणाली. "पण मी कढईवर उभी होते, थोरी. बर्फ माझ्या पायाखाली खचला."

"हे बघ, सकाळी नदीला वास मारत होता, ते मी मानतो. पण आता अजिबात नाही. टळलंय ते."

स्वालानं रेडिओ तोंडाशी धरला.

"वास थांबला नाही, थोरी. तुझं नाक थांबलंय. हेर्दीस कुठाय?"

 वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, "खाली. नदीकाठच्या गोठ्यात. मेंढी अडली होती."

"तिथं गॅस साचला असेल, श्वास रोखून जा. आत थांबू नकोस. तिला ओढून उंचावर ने, तिच्याशी वाद घालत बसू नकोस. थोरी?"

उत्तर आलं नाही. रेडिओ नुसता खरखरत राहिला. गीस्लीनं तो दोन्ही हातांनी धरला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोघं त्या गोठ्यात पडली असतील तर? आपणच त्याला आत धाडलं, हे स्वालाला सारखं वाटत राहिलं.

खाली हिमनदीच्या तोंडाशी नदी काळी झाली. मग ती फुगली. घराएवढाल्या बर्फाच्या शिळा लोळवत पाणी दरीत शिरलं. पूल वाकला आणि दिसेनासा झाला!

"गीस्ली." रेडिओतून धापा ऐकू आल्या. "सापडली. कोकरू मांडीत घेऊन बसली होती. ऊठ म्हटलं तर हसायला लागली. गाडीत घातली, टेकडीवर आणली. ओकतेय, पण श्वास चालू आहे."

एगिल मटकन बर्फावर बसला. स्वालाला रडू फुटलं.

"डॉक्टरसकट हेलिकॉप्टर मागवतो," गीस्ली म्हणाला. "तिला उबेत ठेव."

"ठेवतो," थोरी म्हणाला. "इथून टेकडीमागचं काही दिसत नाही. घर दिसतं का रे तुला?"

गीस्लीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. त्या घरात दोघं भाऊ जन्मले होते.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"धुकं आहे का?"

"नाही, थोरी. धुकं नाही."



"बरं," थोरी म्हणाला. "हेर्दीसला एवढ्यात सांगू नका. आत्ता कुठे डोळे उघडतेय ती."