हेस्टरच्या पुसलेल्या बश्या

लोविना स्टॉडर्ड सकाळी सकाळी गोठलेलं दव तुडवत अनवाणी आली, तेव्हा फिलीनाबाई ब्रांट चुलीवर कॉफी चढवत होत्या.

"ती परत आली," लोविना म्हणाली. "बशीवर फुलं काढून गेली."

ती म्हणजे हेस्टर, लोविनाची थोरली बहीण. हेस्टरला वसंतात तापानं नेलं, आणि आता गावात मक्याची कापणी चालू होती.

एल्म क्रॉसिंगमधल्या निम्म्या बायका तेव्हा गुरुवारी जमून चिनी मातीच्या बश्यांवर फुलं रंगवायच्या, आणि उरलेल्या निम्म्या त्यांना नावं ठेवायच्या. फिलीनाबाई त्या मंडळाच्या अध्यक्ष. रंगवलेल्या बश्या भाजायची भट्टी त्यांच्याच परसात होती. सगळ्यांत सुंदर हात हेस्टरचा. तिनं फ्रान्सहून आणवलेल्या सहा कोऱ्या बश्या तशाच राहिल्या, जेवणघरातल्या काचेच्या कपाटात. त्यांच्यातल्याच एखाद्या बशीवर अधूनमधून सकाळी गुलाब उमटलेले दिसत. लोविना कुणाला तरी बोलवायला धावे. माणसं येऊन बघतात तर बशी पांढरीशुभ्र.

लोविनासोबत घरात दुसरं कुणी होतं तर तो हेस्टरचा नवरा ऑरिन टल. त्यानंच हळहळत डॉक्टर हॉलब्रुकना गाठलं होतं. गुरुवारी डॉक्टर लोविनाला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचा कागद करणार होते.

फिलीनाबाईंनी तिला चुलीजवळ बसवलं, पायांवर शाल टाकली.

"काय दिसलं ते सांग. घाबरलीस ते मागाहून."

"रानगुलाब. तिचेच. एक पाकळी दुमडलेली."

"आणि काठ? हेस्टर सोन्याचा काठ काढायची."

"काठ तपकिरी होता. चिखलासारखा. तिचं सोनंसुद्धा मातीत गेलं, फिलीनाबाई."

"वास बिस?"

"लवंगेचा. तिच्या हातांना यायचा तोच. मी काही तिच्या रंगांच्या खोलीत जात नव्हते, ती मला येऊच देत नसे. पण जेवायला बसली की तो वास यायचा."

फिलीनाबाईंनी कॉफी उतरवली. भुतांचं त्यांना वावडं नव्हतं. आपले आजोबा मेल्यावरही रविवारी भोपळ्याची भाजलेली गोड पाई खायला यायचे आणि कडेचं पिठाचं कवच तेवढं ठेवून जायचे, असं त्या शपथेवर सांगायच्या. पण या भुतात त्यांना एक खोट दिसत होती. जिवंतपणी हेस्टरनं कधी साधा ब्रश धुऊन ठेवला नव्हता. मेल्यावर ती बशी पुसून ठेवेल?

त्या लोविनासोबत तिच्या घरी गेल्या. जेवणघरात गारठा होता, कारण खिडकी सताड उघडी. ऑरिन दंडाला काळी फीत बांधून टेबलाशी बसला होता. तो बग्ग्यांच्या कारखान्यात दारांवर रंगाच्या बारीक रेघा मारायचा. त्यानं काठोकाठ कॉफी ओतली तरी थेंब सांडला नाही. कप पुढे करताना त्याच्या अंगठ्यावरचा आडवा जुना व्रण दिसला.

"खिडकी का उघडी?" फिलीनाबाईंनी विचारलं.

"माझी दाढ दुखते. लवंगेचं तेल लावलं, तर हिला त्यातही हेस्टर दिसते. म्हटलं वास तरी जाऊ दे."

"कुठली दाढ?"

त्यानं डाव्या गालावर बोट ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाला, की ड्रुसिला पीकवर जरा नजर ठेवा. हेस्टरची पट्टशिष्या, तिचे गुलाब हुबेहूब काढते, आणि हेस्टरचे ब्रश मिळावेत म्हणून दारात घुटमळत असते. लोविना खुळी नसेल तर ही तिला छळत असेल, दुसरं काय.

कपाटातल्या सहाही बश्या लख्ख पांढऱ्या होत्या. लोविना त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मी एकदा तिला पॅन्सीची फुलं काढून मागितली," ती पुटपुटली. "वाढदिवसाला. ती हसली, म्हणाली, मला गुलाबांपलीकडे काही येत नाही. मी रुसले. अबोला संपायच्या आत तिला ताप आला. त्याचाच राग आहे तिला."

फिलीनाबाई ऑरिनला म्हणाल्या, भुताच्या बश्या घरात कशाला, मी नेते. तो इतका खूश झाला की स्वतः टोपलीत भरून दिल्या.

वाटेत त्या ड्रुसिलाच्या घरी थांबल्या. ती आजारी आईच्या उशाशी, वितळलेल्या मेणबत्तीसारखी. आई तिला रात्रभर जागेवरून हलू देत नव्हती, असं शेजारणीही सांगत होत्या. हेस्टरचे ब्रश हवेत हे मात्र तिनं कबूल केलं. "चोरायचे असते तर एव्हाना चोरले असते," ती म्हणाली. "मी मागतेय, म्हणून तर कुणी देत नाही."

फिलीनाबाईंनी घरी येऊन त्या कोऱ्या बश्या भट्टीत रचल्या आणि भट्टी पेटवली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, पांढऱ्या बश्या भाजून काय करणार, ब्रांटबाई? त्या म्हणाल्या, भूत शेकतेय.

गुरुवारी त्यांच्या दिवाणखान्यात डॉक्टर, लोविना, ड्रुसिला आणि ऑरिन जमले. डॉक्टरांनी मांडीवर कागद उघडून ठेवला होता. फिलीनाबाईंनी काकवीच्या कडक वड्या फिरवल्या. मग टोपली आणली आणि एकेक बशी खिडकीच्या उजेडात मांडली.

ड्रुसिलानं तोंडावर हात धरला. बश्यांच्या काठांवर फिकट जांभळी वलयं उठली होती. आत, धुक्यातून दिसावेत तसे, गुलाबांचे पुसट आकार.

"हेस्टर," लोविना कुजबुजली.

"हेस्टर नव्हे. बस खाली, पोरी." फिलीनाबाई डॉक्टरांकडे वळल्या. "आमचं सोनं बाटलीत चिखलासारखं तपकिरी असतं. भाजलं की सोनेरी होतं. लोविनानं कधी कच्ची, न भाजलेली बशी पाहिलेलीच नाही. मग तिला तपकिरी काठ स्वप्नात कुठून दिसेल? तो खरा होता, ओला होता. ओल्या रंगाला लवंगेच्या तेलाचा वास येतो, आम्ही ते रंगात घालतो. ती कुणाला बोलवायला धावली, की टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसायचं आणि वास जायला खिडकी उघडायची."

"म्हणजे ड्रुसिला," ऑरिन म्हणाला.

"ड्रुसिलाला ठाऊक आहे की पुसलेलं सोनं डोळ्यांना दिसत नाही, पण भट्टीत जांभळं होऊन उठतं. आमच्यातली कुठलीही बाई स्पिरिटनं दोनदा धुईल. ही चूक अशा माणसाची, ज्याचा हात रंगात बसलाय पण ज्याच्या रंगाला विस्तव लागत नाही. बग्ग्यांचा रंग पुसला की पुसला. हो ना, ऑरिन?"

"माझी दाढ..."

"दाढेचं राहू दे. मघापासून तिसरी वडी फोडतोयस, त्याच डाव्या दाढेनं."

ऑरिनचं चघळणं थांबलं.

फिलीनाबाईंनी पाचवी बशी त्याच्यापुढे धरली. काठावर जांभळा अंगठा उमटला होता, आणि त्याच्यावर आडवी पांढरी रेघ. "घर दोघी बहिणींचं, हेस्टरचा वाटा आता ह्याचा. लोविना विकायला तयार नाही. ती वेडी ठरली की तिची सही लागत नाही. डॉक्टर, जरा त्याचा हात बघा."

ऑरिननं हात खिशात घातला. तेवढं पुरलं. डॉक्टरांनी कागद फाडला आणि ऑरिनची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. "शेरीफकडे माझ्यासोबत येतोस, की मी त्यालाच इथं बोलवू?"

"तिनं मला कधी एक फूलसुद्धा काढू दिलं नाही," ऑरिन म्हणाला. "म्हणे, तू रेघा मार." आणि ओसरीवर जाऊन डॉक्टरांची वाट बघत खाली मान घालून उभा राहिला.

सहावी बशी अजून टोपलीतच होती. लोविनानं ती काढली.

हिच्यावर गुलाब नव्हते. वलय नव्हतं. मधोमध तीन वाकड्यातिकड्या पॅन्सी होत्या, अगदी फिकट, लहान मुलानं काढाव्यात तशा. खोडून पुन्हा काढलेल्या.

"हे ऑरिनचं नाही," ड्रुसिला म्हणाली. "या पाकळ्या उलट्या बाजूनं ओढल्यात. असं फक्त हेस्टरबाई ओढायच्या."

फिलीनाबाईंनी भट्टीतून काढताना त्या पाहिल्या होत्या, पण कुणाच्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हेस्टरनं तापाआधी कधीतरी बसून प्रयत्न केला असणार, जमलं नाही म्हणून नेहमीच्या सवयीनं अर्धवट पुसून टाकला असणार. आणि कुणाला सांगितलं नाही.

लोविनानं बशी नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. "लवंगेचा वास येतोय," ती म्हणाली.

भट्टीत तेल जळून जातं, वास उरत नाही, हे फिलीनाबाईंना पक्कं माहीत होतं. त्यांनी पुढे होऊन वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"येतोय," त्या म्हणाल्या, आणि बशी डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टर वाकले. सरळ झाले. लोविनाकडे बघितलं.

"मलाही," ते म्हणाले.