शेजारचा ब्रेक

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर राहू द्या. तुम्हाला पटली नाही म्हणून ती मागे जाऊन न घडलेली होणार नाही.

टर्बोचे बाबा एका सोमवारी सकाळी, दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेले. ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. तो ब्रेक टर्बोने काढून घेतला होता.

असं काही झालेलं नाही.

म्हणजे कागदावर तरी नाही. अहवालात लिहिलंय, 'शिकाऊ चालकाची चूक. शेजारचे ब्रेक-पेडल : आहे.' खाली सही, सहीवर शिक्का. शिक्का बसला की झालेलं न झालेलं होतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा काही झालंच नाही असं समजून सुरुवात करू.

टर्बो हे बाबांनी ठेवलेलं नाव. मुलगा सकाळी उठायला जितका वेळ लावायचा, तितक्या वेळात बाबांचे दोन विद्यार्थी गाडी मागे घ्यायला शिकायचे. म्हणून टर्बो.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाडी, एक शिकवणारे, बावीस वर्षं. गाडीला ब्रेकची पेडलं दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरं शेजारच्या सीटसमोर, बाबांच्या पायाशी. दुसरं पहिल्याला तारेने जोडलेलं. कोणी गांगरलं की बाबा आधी डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने वाजवायचे. टक टक. तेवढ्याने भागलं नाही, तर स्वतः दाबायचे.

बावीस वर्षांत त्यांनी खाली वाकून ते पेडल कधी बघितलं नव्हतं. पाय आपोआप जायचा...

टर्बोच्या खोलीत दुसरी गाडी होती. ती कुठेच जायची नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर भंगारातून आणलेली सीट, समोर स्टीअरिंग, खाली पेडल, पुढे तीन स्क्रीन. यावर तो घरबसल्या शर्यती लावायचा. 'गेम' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "सिम्युलेटर आहे तो." आई त्या सिम्युलेटरवर टॉवेल वाळत घालायची.

बाबा त्यात एकदाच बसले. पहिल्या वळणावर गाडी भिंतीत घातली आणि उठले.

"कसं वाटलं?" टर्बोने विचारलं.

"बुडाला काही कळत नाही रे यात."

"म्हणजे?"

"खरी गाडी घसरली की आधी बुडाला कळतं, मग डोळ्याला. यात बूड नुसतं बसायला. आणि ब्रेक कसला हा? ओला स्पंज दाबल्यासारखा. ब्रेकने पायाला उलट उत्तर दिलं पाहिजे."

"तुम्हाला कुठे उलट उत्तर आवडतं?"

"तुझं नाही. ब्रेकचं आवडतं."

मग दाराशी थांबून म्हणाले, "आणि शेजारची सीट कुठाय?"

"शेजारी कशाला सीट?"

"चुकलास तर थांबवणार कोण?"

टर्बो हसला. "चुकलो तर हे बटण. दाबलं की गाडी परत नवी कोरी. काही झालंच नाही."

बाबा त्या बटणाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"हे बरंय," म्हणाले.

स्पंज हा शब्द टर्बोच्या जिव्हारी लागला. त्याने पेडलमागे रबर लावून पाहिलं. अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू लावून पाहिला. खऱ्या ब्रेकला पाय जितक्या जोराने रेटतो, तितकी गाडी थांबते. याच्या ब्रेकला फक्त पाय किती खाली गेला तेवढं कळायचं. आणि रविवारी मोठी शर्यत होती.

शनिवारी संध्याकाळी तो बाबांच्या गाडीत शिरला. दोन बोल्ट, एक तार. शेजारच्या सीटसमोरचं पेडल, दांडा आणि जाड स्प्रिंग यांसकट, पाच मिनिटांत हातात आलं. रविवारी गाडीला सुट्टी असायची. रविवारी रात्री परत लावलं की झालं.

जागा रिकामी दिसू नये म्हणून त्याने तिथे स्वतःचं पेडल बांधून ठेवलं. प्लॅस्टिकच्या चार पट्ट्यांनी. अगदी खऱ्यासारखं. दाबलं तर खाली जायचं, सोडलं तर वर यायचं. फक्त कशालाच जोडलेलं नव्हतं.

रविवारी बाबांचं पेडल सिम्युलेटरला लावून टर्बो चोवीस जणांत तिसरा आला. पायाला उलट उत्तर मिळत होतं. त्या आनंदात तो मित्रांशी गप्पा मारत बसला आणि तिथेच, सीटमध्ये, झोपला.

सकाळी...

टक टक.

झोपेतच त्याला वाटलं, बाबा दार वाजवतायत.

मग त्याच्या पायाखालचं पेडल हललं. पाय नुसता ठेवलेला होता. दाबला नव्हता. पेडल पायाला सोडून खाली गेलं... आणखी खाली... पार तळापर्यंत.

धप्प.

आणि तिथेच राहिलं. वर आलंच नाही.

टर्बोने डोळे उघडले. स्क्रीन काळ्या. घड्याळात दहा चाळीस. तो धावत दाराशी गेला.

बाबांचे बूट नव्हते. गाडी नव्हती.

त्या दिवशी गाडी चालवत होत्या एक ग्रंथपाल बाई. वय एक्कावन्न, चौथा धडा. उतारावरच्या चौकात त्या गांगरल्या. समोरून टँकर आला आणि शेजारच्या सीटच्या बाजूने धडकला. बाईंचं मनगट मोडलं. बाबांचं सगळंच.

दुसऱ्या दिवशी वाहन तपासणारे साहेब आले. खिडकीतून आत डोकावले. शेजारच्या सीटसमोर पेडल दिसलं. त्यांनी लिहिलं, 'आहे'.

टर्बो पाच पावलांवर उभा होता. प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्याला तिथून दिसत होत्या. 'दाबून बघा साहेब.' तीन शब्द. एरवी ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची, त्याला तीन शब्द जमले नाहीत. तो मूग गिळून बसला. ते मूग अजून उतरलेले नाहीत.

दोन महिने त्याने खोलीला कुलूप लावलं. एका सकाळी आई म्हणाली, "बस जा तुझ्या त्या गाडीत. निदान तुझा आवाज तरी येईल घरात."

तो बसला. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत मोठ्या वळणाआधी...

टक टक.

गाडीचा वेग एकदम उतरला. टर्बोचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. दुसरा पाय त्याने केव्हाच वर उचलून धरला होता.

हेडफोनमधला मित्र ओरडला, "अरे, मधेच काय थांबतोस? मागून ठोकलं असतं मी!"

"मी नाही थांबवली."

"मग काय, बाबा बसलेत शेजारी?"

तिकडे हशा पिकला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हेडफोनमध्ये एकदम शांत झालं. पण अगदीच शांत नाही...

कोणीतरी नाकाने श्वास घेत होतं. सावकाश. चौथ्या धड्याला शिकवणारे घेतात तसा, धीराने.

प्रत्येक फेरीनंतर स्क्रीनवर आलेख यायचा. हिरवी रेघ ॲक्सिलरेटरची, लाल रेघ ब्रेकची. टर्बोने निरखून पाहिलं. जिथे जिथे तो चुकणार होता, तिथे चुकण्याच्या अर्धा सेकंद आधी लाल रेघ उभी राहिली होती. सरळ. शंभर टक्के.

त्याने पेडल काढलं. वायर काढली. टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं. परत बसला.

लाल रेघ तरीही आलीच.

भुतं रात्री येतात म्हणे. टर्बोचे बाबा सकाळच्या बॅचला यायचे. आणि खरं सांगायचं तर त्या काळात टर्बो एकदाही भिंतीत गेला नाही. हळू झाला, पण सुधारला. मेल्यावरसुद्धा फुकट शिकवणी घेणारा बाप कोणाला मिळतो?

मग एका सोमवारी ग्रंथपाल बाई घरी आल्या. मनगट अजून आखडलेलं. आई नेमकी बाहेर गेली होती.

"तुला गाड्यांमधलं कळतं, म्हणून विचारायला आले," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून तेव्हा ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं गेलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण सरांनी त्यांचा दाबला होता रे. मी ऐकलं. धप्प असा, पार तळाला लागल्याचा आवाज. मग गाडी का नाही थांबली?"

टर्बोने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"मला झोप लागत नाही. लायब्ररीत पुस्तकं चुकीच्या कपाटात ठेवते. तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. सरांचा ब्रेक बिघडला असेल का? एवढंच सांग. बिघडला होता म्हणालास, तर मी..."

"नाही बाई," टर्बो म्हणाला. "ब्रेक होता. अहवालात आहे तसं."

आतल्या खोलीत, बंद कपाटात...

धप्प.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हाच. हाच आवाज."

"तो गेम आहे," टर्बो म्हणाला. त्याने पहिल्यांदाच त्याला गेम म्हटलं.

बाईंनी उघड्या दारातून आत पाहिलं. तिन्ही स्क्रीन काळ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस.

त्या वळल्या. पायऱ्या उतरताना कठडा घट्ट धरून गेल्या. चूक आपली नाही असं ऐकायला आल्या होत्या, चूक पक्की करून परत गेल्या.

त्या दिवसापासून टर्बोची गाडी हललेली नाही. तो ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. इंजिन किंचाळतं. गाडी जागेवर. लाल रेघ पहिल्या क्षणापासून शंभर टक्के, जराही न हलता. त्याने ते बटण दाबून पाहिलं, सगळं नवं कोरं करणारं. गाडी नवी झाली. रेघ तशीच.

शेवटी पेडल पिशवीत घालून तो वाहन कार्यालयात गेला. खिडकीमागच्या कारकूनकाकांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"काय आहे हे?"

"ब्रेक आहे, काका. माझ्या बाबांच्या गाडीतला. तुमच्या अहवालात चूक झालीय."

काकांनी फाईल काढली. चष्मा वर केला. "इथे तर लिहिलंय, पेडल आहे."

"ते खोटं होतं. खरं हे."

"म्हणजे गाडीत एक आणि पिशवीत एक? शेजारी दोन पेडलं लावायची परवानगी नसते."

"दोन नाहीत! ते नुसतं बांधलेलं होतं, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी."

"मग गाडी आण. बघू."

"भंगारात गेली ती. तुम्हीच पाठवली."

"मग कशी बघणार?" काकांना खरोखरच वाईट वाटलं.

टर्बोने खिडकीचा गज धरला. "काका, मी काढला तो. झोपून राहिलो आणि परत लावला नाही. माझ्यामुळे गेले ते. त्या बाईंची काही चूक नाही."

काकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "घरातलं माणूस गेलं की असंच वाटतं रे बाळा. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटलं होतं. पाणी पी."

टक टक.

"खिडकी वाजवू नकोस, ऐकतोय मी," काका म्हणाले.

टर्बोचे दोन्ही हात पेल्याभोवती होते.

"अर्ज देऊन ठेव," काका जरा सरकून बसत म्हणाले. "आवक नंबर देतो."

बाईंना स्वतः जाऊन सांगणं सोपं होतं. त्या तिसऱ्या गल्लीत राहतात. टर्बो दर सोमवारी निघतो. त्यांच्या दारापासून दहा पावलांवर त्याचे पाय थांबतात. तो म्हणतो, बाबा ब्रेक दाबतात.

असेलही. पण बाबा फक्त चुकण्याआधी दाबायचे. आणि त्या गल्लीत तर त्याचं पहिल्यांदाच बरोबर चाललेलं असतं.

तिथे नक्की कोण दाबतं, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

अर्ज आजही त्या फाईलमध्ये आहे. तो असा :

'महोदय, सदर अहवालात "आहे" या शब्दाच्या जागी "नव्हते" अशी दुरुस्ती करण्यात यावी. दुरुस्तीची प्रत ग्रंथपाल बाईंना कार्यालयामार्फत परस्पर पोचवावी, कारण अर्जदारास ते जमत नाही. सदर पेडल मयत प्रशिक्षकांच्या ताब्यात परत देण्यात यावे. तसेच मयतांनी दर सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दाबलेला पाय उचलावा, असे लेखी आदेश त्यांना आपल्या स्तरावरून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'