त्यांच्या कानांवरचे हात

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्याच घरात घडलंय.

गेल्या वर्षीचा मे महिना. येडशी. भर दुपार.

माझे मिस्टर, मल्हार, अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्रायव्हर आहेत. त्या दिवशी घाटात एक जीप उलटली. नवरा बाहेर फेकला गेलेला. बायको खाली अडकलेली... शुद्धीवर.

जीप उचलायला क्रेन हवी होती. नवऱ्याचं रक्त थांबेना. ह्यांनी त्याला गाडीत घेतलं.

"दादा, मला सोडून जाऊ नका," ती म्हणाली.

"आलोच, ताई."

ते परत आले तेव्हा...

ती गेली होती.

तिथं थांबलेल्या लोकांनी ह्यांना सांगितलं, ती आधी नवऱ्याला हाका मारत होती. मग ह्यांना. शेवटी म्हणाली, "बाईची हाक ऐकू आली न्हाय ना? आता कधीच येणार न्हाय."

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.  त्या दिवसापासून ह्यांना बाकी बोललेलं ऐकू यायचं, पण मी हाक मारली की वळायचे नाहीत.

मी चिडायचे. भांडायचे.

"तू हाक मारलीच न्हाईस, राजेश्वरी." शपथ घेऊन सांगायचे.

एका दुपारी मी अंगणातल्या हौदात पडले. पाय मोडला. पाणी गळ्याला लागलं.

हे दहा पावलांवर बाजेवर बसलेले. जागे.

"अहो!... अहो!"

काठ धरून मी बघितलं.

त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. पण दोन्ही कानांवर हात होते... हिरव्या बांगड्यांचे. घट्ट दाबलेले.

पलीकडच्या गल्लीतले माणिकप्पा माझ्या हाका ऐकून धावत आले.

"मल्हार, बहिरा झालास का रं? वैनी बुडायल्यात!"

ती हाक ह्यांना लगेच ऐकू आली.

त्या दिवशी हे ढसाढसा रडले. पहिल्यांदा सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कान तपासले. काही दोष नाही.

मग आम्ही तेरला गेलो. ज्याला वाचवलं त्याच्या घरी, माफी मागायला. तो दारात पाठमोरा बसला होता. त्याच्या आईनं आतून हाक मारली, "शिवलिंगप्पा!"

तो हललासुद्धा नाही.

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "अपघातापासनं माझी हाक त्याला ऐकू येत न्हाय, माय. त्याच्या बापाची येती."

आम्ही पाणीही न पिता निघालो.

आता मला सातवा महिना आहे. आई म्हणते, मुलगाच होऊ दे.

मीही रोज तेच मागते...

का, ते तिला सांगितलेलं नाही.