बारावी जागा

मास्तर त्या दुपारी कंपनीत गेले ते फक्त आपलं जुनं काम नव्या लोकांना समजावून द्यायला. ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये कोणाला काय दाखवायचं, ते ठरवणारी मांडणी त्यांची. सारख्या आवडीची माणसं एका गटात घालायची आणि एकाने घेतलं ते दुसऱ्यासमोर ठेवायचं. शिकवायच्या खोडीमुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत.

खोलीत पडदे ओढलेले. यंत्रांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. नवे लोक जेवायला गेले होते. संगणकावर गट चाळता चाळता मास्तर एका गटापाशी अडखळले. बारा माणसं. त्यातल्या अकरा जणांनी एकेक शेवटचं पार्सल घेतलं आणि त्यानंतर ॲप उघडलंच नव्हतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. त्यांनी एका नंबरवर फोन लावला.

"दादा गेला हो," पलीकडची बाई म्हणाली. "पार्सल आलं, त्याच दिवशी."

दुसरा नंबर. तिसरा. तेच उत्तर.

बारावं नाव त्यांच्या मुलीचं होतं. आज सकाळीच गटात आलेलं. पुढे लिहिलं होतं, 'पार्सल वाटेत'.

"दार उघडू नकोस," मास्तरांनी तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, मी काही मागवलेलंच नाही. जेवलात का? उपाशी राहिलात की तुम्हाला काहीबाही सुचतं."

"माझं ऐक... फोन ठेवू नकोस."

त्यांनी तिचं नाव काढलं. ते परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. येणारच! जागा रिकामी झाली की सगळ्यात मिळतंजुळतं माणूस आणून बसवायचं, हा नियम त्यांनीच तर लिहिला होता. तो बदलायला तीन जणांची मंजुरी लागे.

"बाबा... बेल वाजतेय."

मास्तर पुन्हा यादीकडे वळले. तिच्यासारखं दुसरं कोण आणायचं? त्यांनी तिची वर्षभराची खरेदी आपल्या खात्यात उतरवली. तिच्या चपला, तिचा साबण, तिची केसांची पिनसुद्धा. मग तिचं नाव काढलं. या वेळी रिकाम्या जागी त्यांचं नाव येऊन बसलं.

"बेल थांबली," ती कुजबुजली. "पावलं खाली जातायत."

मास्तरांनी डोळे मिटले. आता जे यायचं ते माझ्याकडे येऊ दे. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या नावापुढे 'पोहोचलं' असं आलं होतं. खोलीत तर कोणीच आलं नव्हतं. पत्ता मुलीचाच होता, तिच्या खरेदीबरोबर उतरलेला.

"बाबा? गप्प का झालात?"

ते उत्तर देणार, तेवढ्यात फोनमध्ये त्यांचाच आवाज म्हणाला, "घाबरू नकोस बाळा. मी दाराशीच आहे... उघड."

मास्तर जिवाच्या आकांताने ओरडायला गेले. तोंडातून आवाजच निघेना; तो आता तिच्या दाराशी होता.

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला.