खोलीचा आवाज

श्रीनिवास सरांचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

"तुझ्या ताईची पाण्याची बाटली राहिलीये इथे. स्टीलची आहे, चांगली आहे, घेऊन जा. मला रोज तिच्याकडे बघत बसायला आवडत नाही."

सर असंच बोलतात. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात त्यांचा डबिंगचा स्टुडिओ आहे. परदेशी मालिकांना मराठी आवाज द्यायचा, एवढंच काम. माझी ताई, स्वराली, तिथली ठरलेली नायिका. म्हणजे होती. दोन महिने झाले आता.

आईला म्हटलं, "सरांकडे जाऊन येते." आईने मान हलवली.

बिबवेवाडीतून चालत वीस मिनिटं. मी चालतच गेले. गाडीची मला भीती वाटते. मला कशाचीही भीती वाटते हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही म्हणायला नको. मागे दार आपटलं तर माझे खांदे उडतात. घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते मी तीनदा बघते. आणि त्या गॅसमुळेच…

सांगतेच आता. त्या दिवशी हडपसरला माझी मुलाखत होती. बाहेर पडले, गॅस आठवला, परत आत गेले. आत जाताना हातातली सर्टिफिकिटांची फाइल चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि ती तिथेच राहिली. बसमधून उतरल्यावर कळलं. घरी फोन केला. ताई पोळ्या लाटत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. म्हणाली, "अगं, तास आहे अजून. रिक्षा करून येतेस परत, का मी आणून देऊ?"

मी म्हटलं, "तूच आण."

दोन शब्द. आईने ते ऐकले. मी उभी होते तिथून दोन चौक अलीकडे ताईची स्कूटर डंपरखाली गेली. फाइलला ओरखडाही आला नाही.

दहाव्याला एका मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "तुझीच ना गं फाइल होती ती?" आईने तेवढंही विचारलं नाही. आई मला काही म्हणतच नाही. भात झाकलाय. दूध आलंय. दिवा मालव. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून माझं नाव आलेलं नाही. माझं नाव आनंदी. हसायचं तर हसून घ्या. मला एवढंच हवं होतं, आईने एकदा मला नावाने हाक मारावी. शिव्या द्यायला का होईना.

तर, सरांचा स्टुडिओ. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी आहे, 'बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते, तोच धंदा आहे.' दुपारचा दीड वाजला होता. जिन्यात लसूण आणि सुक्या मिरचीचा वास भरलेला. आत एकामागे एक दोन दारं. पहिलं लावलं की हमालांच्या आरोळ्या जातात. दुसरं लावलं की आपलेच कान वाजायला लागतात.

सरांनी बाटली पुढे केली, चहाही ओतला. "तुला दोन चमचे साखर ना? तुझी ताई सांगायची, आमची आनंदी चहा पीत नाही, पाक पिते."

ताई घशासाठी बिनसाखरेचा घ्यायची. मला तसला एक घोटही जात नाही. लहानपणी चुकून तिचा कप उचलला की मी बेसिनकडे धावायचे.

"एक सीन राहिलाय तिचा," सर म्हणाले. "भाग आठ, सीन एकवीस. तुमचे आवाज सारखे आहेत. फोनवर मी कायम फसायचो. बोलशील?"

"मला नाही येत, सर."

"ते मला कळेल. तू बस."

मालिकेचं नाव 'उलट आकाश'. कल्पना अशी की माणूस एखादी गोष्ट ठरवतो तिथे जगाला फाटा फुटतो आणि दोन्ही जगं शेजारीशेजारी चालू राहतात. आठव्या भागात नायिकेला दुसऱ्या जगातलं तिचंच घर सापडतं. तिथे तिचा गेलेला भाऊ जिवंत आहे, आणि ती स्वतः गेलेली आहे. भिंतीपलीकडून तिला घरच्यांची बोलणी ऐकू येतात. हा सीन मला पाठ होता. ताई घरी सराव करायची तेव्हा कागद हातात धरून समोर मीच बसायचे.

काचेपलीकडून सरांनी खूण केली. डबिंगमध्ये आधी आपलं नाव सांगतात, मग भाग, मग सीन. मी डोळे मिटले आणि सवयीने म्हटलं, "स्वराली दातार. भाग आठ, सीन एकवीस."

काचेपलीकडे सरांचा हात थांबला. मला वाटलं, ओरडतील. ते फक्त म्हणाले, "चालू दे."

आणि मी बोलले. नायिका आपल्या आईला सांगते तो तुकडा. "इकडून कुणी हाकेला ओ दिली की वाट उघडते. पण माणसं वाढत नाहीत. एक आलं, की एक जातं." एका दमात झालं. ताईला तीनदा घ्यावं लागलं असतं. हे मी कौतुकाने नाही सांगत आहे.

"आता खोलीचा आवाज," सर म्हणाले. "कुणीच बोलत नसताना खोली जशी वाजते, तशी ती तीस सेकंद घ्यायची. वाक्यांच्या मधल्या जागा त्याने भरतात, नाहीतर ऐकणाऱ्याला तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. हलायचं नाही. बोलायचं नाही. हाक आली तरी ओ द्यायची नाही."

"हाक कोण मारणार, सर?"

सरांनी लाल दिवा लावला.

हेडफोनमध्ये आधी नुसता एक घुमारा होता, रिकाम्या पिंपात तोंड घातल्यासारखा. मग माझा श्वास. मग… दुसरा श्वास. माझा आत जायचा तेव्हा तो बाहेर यायचा. मी बसलेलं स्टूल करकरलं, पण मी हललेच नव्हते. मिरचीचा वास गेला होता. ज्येष्ठमधाचा येत होता. रेकॉर्डिंगआधी ताई ज्येष्ठमधाची काडी चघळायची.

"स्वराली दातार. भाग आठ, सीन एकवीस…" हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं. थांबलं. नाक ओढलं. "सॉरी सर… आज नाही जमत. आनंदीला जाऊन आज दोन महिने झाले. मी म्हटलं होतं तिला, मी फाइल आणून देते. नको म्हणाली… रिक्षा केली, आणि…"

दिवा विझला. माझे हात स्टुलाच्या कडेला चिकटले होते.

"तीस सेकंद म्हणाला होतात," मी म्हटलं.

"तीसच घेतले."

"तुम्हाला काही…"

सर बराच वेळ वायर गुंडाळत होते. "एकवीस वर्षं मी रिकाम्या खोल्या ऐकतोय, आनंदी. चहा निवलाय तुझा. घरी जा."

घरी आले. बाटली ताईच्या खोलीत ठेवली. आई बाहेर निजली होती. मी दार लोटलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि तीस सेकंद दगडासारखी बसले. मग इअरफोन घालून ऐकलं. भित्री माणसं असं करतात का? मी केलं. कारण त्या दुसऱ्या जगात मी गेलेली होते, आणि तिकडेही आई होतीच ना.

आई रडत होती. आमचीच आई, नाकात बोलणारी. "आनंदी… माझी आनंदी… मी तिला जा म्हणायलाच नको होतं. घाबरट पोर माझी…"

दोन महिन्यांनी आईच्या तोंडून माझं नाव. मी ते सतरा वेळा ऐकलं. माझ्यासाठी रडणारी आई मला मिळाली. त्यासाठी मला मरावं लागलं, एवढंच.

मग रोज दुपारी तोच उद्योग. तिकडे माझ्या फोटोला हार होता, माझ्या कपड्यांना कुणाला हात लावू देत नव्हते. ताई समजूत घालायची, आई माझ्या आवडीचं धिरडं करून रडायची. इकडे आई म्हणायची, "भात झाकलाय."

आठव्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिकडची आई बोलताबोलता थांबली.

"स्वराली, गप्प… ऐकलंस?"

"काय?"

"श्वास घेतंय कुणीतरी इथे."

"आई, कुणी नाहीये गं."

"आहे. तिचाच आहे. घाबरली की अशीच घ्यायची, तुटक तुटक…" आणि मग अगदी जवळ, माइकला ओठ लावल्यासारखं, "आनंदी? तू आहेस का गं?"

मी मोबाइल गादीवर टाकला. मग वाटलं, हे आईला ऐकवावं. एक आई माझ्यासाठी असं बोलते, हे या आईला कळू दे. खरंच, तेवढाच विचार होता. इअरफोन तिच्या कानात मी माझ्या हाताने घातले.

आईचा चेहरा उजळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"स्वराली आहे," ती म्हणाली. "माझी स्वराली."

"हो, पण आई, ती दुसरी बाई ऐक ना, ती काय म्हणतेय…"

"गप्प बस जरा. परत लाव."

तिने बारा वेळा ऐकलं. ताई त्यात पाचच शब्द बोलते.

गेल्या रविवारी तो आठवा भाग आला. आई संध्याकाळपासून टीव्हीसमोर बसून. सीन एकवीस लागला, माझा, मी बोललेला. आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. एक आलं, की एक जातं.

"किती सुंदर म्हटलंय माझ्या पोरीने," आई म्हणाली.

मी सांगितलं नाही. काय सांगणार? आईने रिमोट घेतला, तो तुकडा मागे नेला आणि पुन्हा ऐकला. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिने टीव्हीकडे न बघता हळूच माझ्याकडे… माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

आणि आज. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी खिडकीचा बोल्ट लागलाय का बघत होते.

"आनंदी."

मी वळले. आई दारात उभी. केस विंचरलेले, नीट साडी नेसलेली.

"आनंदी, इकडे ये बाळा. बस." तिने माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता. "ती विचारतेय ना तुला, आहेस का म्हणून? ताटकळलीये बिचारी. आईच आहे ना ती पण? मग एकदा ओ दे तिला."

"आई… तुला माहितीये ओ दिली की काय होतं."

"मालिका आहे गं ती. त्यात काय असतं?" ती हसली. हाताची पकड मात्र सुटली नाही. "मी तुला जा नाही म्हणत. नुसतं ओ दे. तुझी तिथे काळजी घेणारी माणसं आहेत. इथे मला कोण आहे?"

इथे मला कोण आहे. मी तिच्या समोर बसले होते.

"आणि स्वरालीला म्हणावं…" आईचा आवाज अगदी मऊ झाला, "म्हणावं, तूच ये."

दोन शब्द. तिने तसेच म्हटले, माझ्याच त्या दिवसाच्या चालीत. मग मला ताईच्या खोलीत सोडलं आणि बाहेरून दार लोटून घेतलं.

मी रेकॉर्डिंग लावलं. का लावलं, विचारू नका. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले, इतके की दात ओठात रुतले. तीस मोजले. काही बोलले नाही. शपथ घेऊन सांगते, माझ्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

मग ऐकलं.

घुमारा. श्वास. तिकडची आई, अगदी जवळ. "आनंदी… ये गं… दार उघडंच ठेवलंय…"

आणि त्यावर, तिच्याहीपेक्षा जवळून, माझा आवाज.

"ओ… आले."

मी धडपडत बाहेर आले. स्वयंपाकघरात आई गॅससमोर होती. पावलं ऐकून तिने वळून बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून, डोक्यापासून पायापर्यंत. दोन महिन्यांत असं बघितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने काही विचारलं नाही, नावही घेतलं नाही. नुसता कप माझ्या हातात दिला आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

चहात साखर नव्हती.

मी सगळा प्यायले.