खिडकीची शिक्षा

रिकाम्या खाटेला कुणी "कुठे दुखतं?" असं विचारताना तुम्ही कधी पाहिलंय? खुर्शीदाने पाहिलं. भर दुपारी, पौषातल्या थंडीत, आणि तेही मराठीत नव्हे.

औषधाच्या बाटल्या घेऊन ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिरली, तर एक उंचेला, सावळा तरुण खाटेवर वाकून मोठ्या आर्जवाने म्हणत होता, "दोन्दे ले दुएले?... दोन्दे?" खाटेवर चिटपाखरू नाही, नुसती गादी. पण त्याने त्या गादीचा हात – म्हणजे जिथे हात असता ती जागा – हलकेच दाबली आणि गंभीरपणे मान हलवली. खुर्शीदाच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली.

"अहो," ती दारातूनच म्हणाली, "वेड्यांचं इस्पितळ येरवड्याला आहे. इथे फक्त ताप-खोकला बघतात."

तो दचकून वळला, ओशाळला, मग हसला. "पेशंटने तक्रार केली का?"

"पेशंट आहे कुठे?"

"तेच तर दुखणं आहे, सिस्टर! चार दिवस विचारतोय, बोलतच नाही. तुम्ही बसाल का जरा? खुर्चीवर बसा... पेशंट म्हणून."

"मी कशाला? माझं काही दुखत नाहीये."

खरंच सांगते, त्या दिवशी तिचं काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

हा देवराम. ओझरच्या खंडेरावांचा एकुलता एक. शिष्यवृत्ती मिळवून लंडनला डॉक्टरी शिकायला गेलेला. एक परीक्षा तेवढी राहिली होती, तोच आई, कुसाबाई, अत्यवस्थ असल्याची तार पोहोचली, आणि बोट मुंबईला लागेपर्यंत तिचा तेरावाही होऊन गेला होता. आईविना घर त्याला खायला उठे. म्हणून फाल्गुनातल्या बोटीने परत जाईपर्यंत तो सायकल मारत नाशकात येई आणि भद्रकालीजवळच्या या धर्मादाय दवाखान्यात फुकट राबे. खुर्शीदा तिथली परिचारिका. तिने त्याला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं – अर्धे डॉक्टर.

आणि ती परकी भाषा? ती होती स्पॅनिश. एकोणीसशे छत्तीस साली स्पेनमध्ये भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला, आणि देवरामच्या कॉलेजातली पोरं जखमींसाठी गाड्या घेऊन तिकडे निघाली. त्यालाही जायचं होतं. म्हणून त्याने कॉलेजातच संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग धरला. आता इथे बोलायला कुणी नाही, आणि भाषा म्हणजे मोटेचं चामडं – पाण्यात राहिलं नाही तर कडक होतं. असं त्याचं म्हणणं.

"दुभाष्या शोधून आणेपर्यंत जखमी मरून जायचा," तो म्हणे, "आणि मग मला कळायचं कुठे दुखत होतं."

अशा माणसाला नाही कोण म्हणणार? रोज दुपारी रोगी ओसरले की अर्धा तास वर्ग भरू लागला. दारात राखणीला म्हातारा शिपाई गोटीराम, बसल्या बसल्या पेंगणारा. लंडनची पद्धत जशीच्या तशी. तिथे स्पॅनिश शिकवणाऱ्या दोन्या पिलार म्हणून बाई फार करड्या. टेबलावर चमचा वाजला की वर्ग सुरू, मग स्पॅनिशखेरीज दुसरा शब्द तोंडातून निघाला की बाई कडाडायच्या, "आ ला बेन्ताना!" – खिडकीकडे! वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभं राहायचं. बाईंनी दोन टाळ्या वाजवून 'वर्ग सुटला' म्हणेपर्यंत.

"तुम्हाला झाली कधी शिक्षा?" खुर्शीदाने विचारलं.

"मला? पहिल्या महिन्यात मी अख्खं लंडन त्या खिडकीतून पाहून घेतलं."

खुर्शीदाच्या वाट्याला आलेल्या खिडकीतून मात्र लंडन दिसत नव्हतं. समोर तिच्या अब्बांचं, इनायतभाईंचं कल्हईचं दुकान होतं. भाता, निखारे, नवसागराचा झोंबरा धूर, आणि त्या धुरात वाकलेली अब्बांची पाठ. मालेगावहून कादर नावाच्या विणकराचं स्थळ आलं होतं, आणि अब्बा तिच्या होकाराची वाट बघत होते. खिडकीशी उभी राहिली की खुर्शीदाला हे सगळं एकदम आठवे. म्हणून ती भराभर शिकली.

आग्वा म्हणजे पाणी. सांग्रे, रक्त. एरिदा, जखम. नो से मुएवा – हलू नका. तो विचारी, "दोन्दे ले दुएले?" आणि ती कोपर दाखवी, गुडघा दाखवी, कधी मुद्दाम नाकाचा शेंडा. गोटीरामही तयार झाला. "आग्वा" म्हटलं की झोपेतून उठून तांब्या आणून ठेवी.

"काळजाला काय म्हणतात?" एकदा तिने टाळ्या वाजल्यावर विचारलं.

"तो बाराव्या धड्यात आहे."

"आपण कितव्यात आहोत?"

"सहाव्यात." तो पुस्तक मिटत म्हणाला. "घाई आहे का?"

"मला कसली घाई? पेशंटला असेल." असं म्हणून ती बाटल्या पुसायला लागली – आधीच पुसलेल्या.

फाल्गुनात एका दुपारी गारा पडल्या. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की एकमेकांचा शब्द ऐकू येईना. बाहेर कुणाकुणाच्या द्राक्षांची माती होत होती, ओझरला त्याच्या वडिलांच्याही होत असतील, हे दोघांना ठाऊक होतं. पण काही बोलताच येत नव्हतं... म्हणून ती दोघं नुसती बघत राहिली. एकमेकांकडे. पाच मिनिटं असेल, दहा असेल. गारा थांबल्या तेव्हा खुर्शीदाला कळून चुकलं होतं की आपण आता कामातून गेलो. ओझरच्या मराठ्याचा मुलगा आणि भद्रकालीतल्या कल्हईवाल्याची मुलगी! असल्या गोष्टीला नाशकात रस्ता नव्हता, आणि त्यातून हा तर मरणाच्या दारी निघालेला. तिला तो हवा होता. जिवंत, इथे, सायकलची घंटी वाजवत येणारा. बाकी काही नसतं मिळालं तरी चाललं असतं.

शेवटच्या दिवशी तो लवकर आला. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं होतं. तो स्पेनच्या लढाईत निघाला म्हणून वडील, त्याचे तात्या, त्याच्याशी बोलत नव्हते. दाराशी पाया पडायला गेला तर खंडेराव पाठ फिरवून गोठ्यात निघून गेले होते. हे त्याने हसत सांगितलं, आणि ते हसू फार वाईट दिसलं.

त्याने टेबलावर चमचा वाजवला. वर्ग सुरू झाला.

खुर्शीदा खुर्चीवर बसली. त्याने नेहमीप्रमाणे वाकून विचारलं, "दोन्दे ले दुएले?"

तिने कोपर दाखवलं नाही, गुडघा दाखवला नाही. काळजाचा शब्द शोधला, पण तो बारावा धडा अजून आलाच नव्हता. जखमेचे, रक्ताचे सगळे शब्द त्याने शिकवले होते, हा एवढा राहून गेला होता.

"जाऊ नका," ती मराठीत म्हणाली.

दारात गोटीराम जागा झाला.

"वर्गात मराठी..." देवराम म्हणाला.

"माहीत आहे." ती उठली. "आ ला बेन्ताना." आणि स्वतःच जाऊन खिडकीशी उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. बरं झालं, अशी काही शिक्षा होती ते. अब्बांचं दुकान पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. मागे तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग पिशवी उचलल्याचा आवाज झाला, मग सायकलचा. टाळ्या वाजवायच्या तशाच राहिल्या.

मधून मधून कार्डं येत. दवाखान्याच्या पत्त्यावर, गोटीरामच्या नावाने, चार ओळी स्पॅनिशमध्ये. साठाव्या वर्षी आपल्याला पत्रं यायला लागली म्हणून गोटीराम गल्लीभर मिरवी आणि मुकाट्याने ती खुर्शीदाच्या हातात ठेवी. थंडी फार आहे. इथे रिकामी खाट एकही नाही. शेवटच्या कार्डावर होतं – बारावा धडा मी आल्यावर. त्यानंतर आठ महिने काही नाही. अब्बा थकले होते. कादरच्या घरचे आणखी किती थांबणार? खुर्शीदाने श्रावणात होकार दिला. रमजानच्या आधी निकाह ठरला. रडायला तिला जागाच नव्हती. कुणासाठी रडतेस, असं विचारलं असतं तर काय सांगणार होती?

आणि भाद्रपदात एके दिवशी खंडेराव दवाखान्याच्या दारात उभे राहिले. पटका भिजलेला, धोतराला चिखल, हातात एक जाड लिफाफा.

"इंग्रजी नाय म्हनं ही," ते गोटीरामला सांगत होते. "मामलेदार कचेरीत दाखवली, कालिजातल्या मास्तरला दाखवली. त्या मिशनातल्या पाद्रीबाबानं वळखलं, स्पेनचं बोलनं हे म्हनला. पर वाचता त्यालाबी येईना. सगळं नाशिक पालथं घातलं बघा. पोरगं हितं यायचं, म्हनून आलो."

गोटीरामने खुर्शीदाकडे पाहिलं.

"तुला येतंय व्हय, बाई?" म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. "वाच मंग. चांगलं-वाईट काय आसंल ते वाच. आठ म्हैने झालं, पोराचा कागद नाय."

ते त्या रिकाम्या खाटेच्या कडेवर बसले. खुर्शीदाने लिफाफ्यातून पत्र काढलं. एन्कार्ना नावाच्या परिचारिकेने लिहिलं होतं, बारीक, नेटक्या अक्षरात. कार्डं वाचून सवय झाली होती, खुर्शीदाला अर्थ कुठे अडला नाही. एरिदा. सांग्रे. आग्वा. ज्या शब्दांवर ती नाकाचा शेंडा दाखवून हसली होती, ते सगळे तिथे ओळीने उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "देवराम गेले."

खंडेरावांनी खाटेची पट्टी घट्ट धरली. "वाच."

ती वाचत गेली, एकेक ओळ मराठीत सांगत. दवाखान्यावर बॉम्ब पडला. पोटात जखम. डॉक्टरांनी दोन दिवस काढले, शेजारच्या खाटेवरच्या पोराला पाणी द्या म्हणाले. तिकडे त्यांना पुरे डॉक्टर म्हणत होते.

'शेवटच्या दुपारी डॉक्टर म्हणाले, माझी खाट खिडकीकडे वळवा. खिडकीला वाळूची पोती लावलेली, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, असू दे, मी आता शिक्षा होईल असं बोलणार आहे. आम्हाला वाटलं, तापात बडबडतात. मग ते त्यांच्या भाषेत बोलले. मला कळलं नाही, पण मी लिहून घ्यावं म्हणून दोनदा सावकाश बोलले. ऐकलं तसं खाली लिहिते. तिकडे कुणाला तरी कळेल.'

खाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. खुर्शीदाने ती मनात वाचली.

"थांबलीस का?"

ती म्हणू शकली असती, संपलं. कुणाला कळणार होतं? निकाह ठरलेला, समोर अब्बांचं दुकान, आणि खाटेवर मुलगा गेलेला बाप. गोटीराम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"बाबा, ही ओळ मराठीत आहे," ती म्हणाली, आणि जशी होती तशी वाचली. "'खुर्शीदा, माझा जीव आहे तुझ्यावर. तात्यांना तूच सांग.'"

खंडेरावांनी मान वर केली. "तुजं नाव काय, बाई?"

"खुर्शीदा."

ते तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता. नुसतं बघत होते, मुलाने काय पाहिलं असेल ते शोधत असल्यासारखे.

"अजून येकदा वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. मग तिला तिथे बसवेना. ती उठून खिडकीशी गेली, खोलीकडे पाठ करून उभी राहिली, आणि दीड वर्षाचं साठलेलं तिथेच बाहेर आलं – हुंदक्यांनी, मोठ्याने, कुणाची भीड न ठेवता.

मागून जड पावलं आली. खंडेराव शेजारी उभे राहिले.

"हितनं काय दिसतंय?"

"अब्बांचं दुकान."

"त्यांना ठावं हे?"

तिने मान हलवली. नाही. "पुढल्या महिन्यात माझा निकाह आहे, बाबा. मालेगावला."

समोर इनायतभाई परातीवर कापडाचा बोळा फिरवत होते. धूर पावसात खालीच घुटमळत होता. खंडेरावांनी पत्राची घडी केली, पटक्याच्या आत नीट खोचली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चल," ते म्हणाले. "लगीन फुडं ढकला, आसं मी सांगतो त्यांला. पोरीला सुतक हे."